दुधाचे दात आणि राज्याचे कर्तव्य

दात ठणकू लागल्याखेरीज दंतवैद्याची पायरी चढायची नाही, हा आपल्याकडील सर्वसाधारण शिरस्ता आहे. मुलांच्या बाबतीत तर पुष्कळदा तेवढेही घडत नाही. ‘दुधाचाच दात आहे, पडणारच आहे’ असे म्हणून किडक्या दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला जातो आणि रात्र निभावून नेली जाते. सुखवस्तू वस्त्यांतून मात्र मुलांना दर सहा महिन्यांनी दंतवैद्याकडे तपासणीसाठी व सफाईसाठी नेण्याची रीत रुजू लागली आहे. एकाच शहरातील एकाच वयाच्या दोन मुलांच्या तोंडात डोकावले, तर त्यांच्या आईबापांच्या उत्पन्नाचा अंदाज बांधता यावा, अशी ही स्थिती आहे. पुरोगामी चळवळीलाही हा प्रश्न आजवर क्षुल्लक वाटत आला. तो क्षुल्लक नाही.

दात किडणे हा दैवाचा भाग नव्हे. तोंडातील जंतू साखरेचे आम्लात रूपांतर करतात, ते आम्ल दाताचे कवच झिजवते आणि कालांतराने खड्डा पडतो. एकूण साखर किती खाल्ली याइतकेच ती दिवसातून किती वेळा खाल्ली यालाही महत्त्व असते. दुधाचे वीस दात पडणारे असले, तरी त्यांतील दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात, मूल त्यांनीच चावते, आणि मागून येणाऱ्या कायमच्या दातांची जागाही तेच राखून ठेवतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. दुधाचा एकही दात न पाडता ती निमूटपणे येत असल्याने पालक तिलाही दुधाचीच समजतात. जन्मभर पुरायची ती दाढ अनेकदा सर्वांत आधी किडते. अशा वेळी जाणकार नजरेने वर्षातून एकदा मुलाचे तोंड तपासले, तर पुढील पुष्कळ अनर्थ टळतो.

भारतीय दंतवैद्यक परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत पाच आणि बारा वर्षे वयाच्या सुमारे निम्म्या मुलांचे दात किडलेले आढळले होते. ठणक्याने मूल जेवत नाही, झोपत नाही, वर्गात त्याचे लक्ष लागत नाही. शाळेच्या हजेरीपटावर त्याची नोंद केवळ ‘गैरहजर’ एवढीच होते.

मग उपचार करणारी माणसे कमी आहेत काय? देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि त्यांत दरवर्षी पंचवीस हजारांहून अधिक जागा भरता येतात. यांतील बहुसंख्य महाविद्यालये खाजगी आहेत. भरमसाट शुल्क भरून बाहेर पडलेला पदवीधर साहजिकच जेथे पैसा आहे तेथे दवाखाना थाटतो, किंवा शहरातच दुसऱ्याच्या दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर राबतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्याचे पद सहसा नसते. म्हणजे एकीकडे काम शोधणारे दंतवैद्य आणि दुसरीकडे दंतवैद्य न पाहिलेली गावे! बाजाराच्या हाती वाटप सोपविले की विपुलता आणि टंचाई अशी शेजारी-शेजारी नांदते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडेल. २०१८ पासूनची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. साध्या किडीसाठी कोणी रुग्णालयात दाखल होत नाही, म्हणून तो खर्च कुटुंबाच्याच खिशातून जातो.

येथे एक विवेक करावयास हवा. श्रीमंतांच्या मुलांना जे मिळते ते सर्वच्या सर्व गरिबांच्या मुलांनाही द्या, ही मागणी ऐकावयास समतेची वाटते. पण ती अचूक नाही. दर सहा महिन्यांनी यंत्राने दात घासून चकचकीत केल्याने निरोगी मुलाची कीड टळते, याला भक्कम शास्त्रीय आधार नाही. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २००४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार मुलाला असलेला धोका पाहून तीन ते बारा महिन्यांनी तपासणी करावी. सर्वांना सहा महिन्यांचा एकच दंडक लावण्याचे कारण नाही. तेव्हा मागणी चकाकीची नको. मागणी हवी ती तपासणीची, फ्लोराइडयुक्त पेस्टने रोज दोनदा दात घासण्याची आणि किडीच्या आरंभीच उपचाराची. हे सारे स्वस्त आहे. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे औषध किडलेल्या जागी नुसते लावले तरी कीड पुष्कळदा थांबते. दात काळा पडतो, पण यंत्राने कोरावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश केला आहे.

इतरांनी काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. न्यूझीलंडने १९२१ मध्ये शालेय दंतसेवा सुरू केली. दोन वर्षांचे प्रशिक्षण दिलेल्या परिचारिका शाळाशाळांतून नेमल्या आणि मुलांच्या दातांची देखभाल त्यांच्याकडे सोपविली. मुले त्या दवाखान्यांना धास्तीने ‘खुनी घर’ म्हणत, हेही खरे. परंतु सेवा मुलांच्या दारी पोहोचली, आणि आजही तेथे अठरा वर्षांखालील मुलांना मूलभूत दंतोपचार मोफत मिळतात. स्कॉटलंडने अलीकडे बालवाड्यांतून शिक्षकांच्या देखरेखीखाली दात घासण्याचा कार्यक्रम राबविला. काही वर्षांतच उपचारांवरील खर्चात झालेली वार्षिक बचत कार्यक्रमाच्या खर्चाच्या दुपटीहून अधिक भरली. प्रतिबंध ही उधळपट्टी नसून काटकसर आहे, हे अर्थमंत्र्यांनाही पटावे असा हा हिशेब आहे.

आपल्याकडे कागदावर उणीव नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथूनच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी व्हावी, असे त्यात ठरले आहे व दातांचे विकारही त्यात अंतर्भूत आहेत. पण पथकाने ‘दात किडलेला’ अशी नोंद केल्यानंतर काय? संदर्भचिठ्ठी घेऊन तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावयाचे, म्हणजे मजुराच्या कुटुंबाचा एका दिवसाचा रोज बुडावयाचा. चिठ्ठी खिशात राहते आणि कीड दातात.

ऊसतोड कामगारांच्या मुलांची दशा याहून वाईट. दिवाळीनंतर बीडसारख्या जिल्ह्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे फडावर जातात. पथक शाळेत येते तेव्हा हे मूल कारखान्याच्या तळावर असेल, तर त्याची तपासणी कोणाच्याच यादीत पडत नाही. ज्या साखरेने साऱ्या देशाचे दात किडतात, तिच्यासाठी ऊस तोडणाऱ्याच्या मुलाला दंतवैद्य मात्र दिसू नये!

पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न विचारला जाईलच. साखरयुक्त शीतपेयांवर आज ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्यातील काही भाग मुलांच्या दंतआरोग्यासाठी राखून ठेवण्यात कोणती अडचण आहे? सप्टेंबर २०२५ मध्ये टूथपेस्ट व ब्रशवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे योग्यच झाले. पण मुलांच्या दात घासण्यावर पाच टक्के तरी कर का असावा? आणि पाणी फ्लोराइडयुक्त करण्याचा विलायती उपाय येथे सरसकट लागू करता येणार नाही, याचेही भान हवे. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांतील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड मुळातच प्रमाणाबाहेर आहे.

म्हणून मागण्या मोजक्या व नेमक्या असाव्यात. शालेय पोषण आहाराच्या जोडीला शाळेत रोज दात घासण्याची सोय व्हावी. तपासणी पथकाबरोबर दंतवैद्य असावा आणि साधे उपचार त्याच दिवशी शाळेतच व्हावेत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरावीक वारी दंतवैद्य यावा. आश्रमशाळा आणि हंगामी वसतिगृहे यांचा कार्यक्रमात आधी समावेश व्हावा.

कार्यकर्त्यांना यासाठी मोर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या गावच्या शाळेत तपासणी पथक शेवटचे केव्हा आले, किती मुलांना चिठ्ठ्या मिळाल्या आणि त्यांतील किती मुलांवर प्रत्यक्ष उपचार झाले, हे तीन प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीत आणि ग्रामसभेत विचारावेत, उत्तरे लिहून घ्यावीत व ती जिल्हा परिषदेसमोर ठेवावीत. चिठ्ठ्या आणि उपचार यांच्या आकड्यांतील तफावत हीच या लढ्याची सुरुवात आहे. मुलाच्या तोंडातला दात दुधाचा असला, तरी त्याचा आरोग्याचा हक्क कायमचा आहे.