ठोका पडला म्हणजे झाले?

पेसमेकरची लीड हृदयात नेमकी कुठे टेकवली, ही चर्चा म्हणजे शहरी चोचले, असे मत जुन्नर-आंबेगावात अलीकडे मोठ्या अधिकारवाणीने मांडले जाते. ठोका मंदावला, मशीन बसले, ठोका परत आला. सत्तरीच्या शेतकऱ्याला आणखी काय हवे? जुन्या पद्धतीने लाखो माणसे जगलीच की!

जगली, पण कशी? निरोगी हृदयात विजेचा संदेश हिस बंडल आणि त्याच्या फांद्यांतून धावतो; दोन्ही जवनिका जवळजवळ एकदमच आकुंचन पावतात. उजव्या जवनिकेच्या टोकाला लीड रोवली की तोच संदेश स्नायूतून स्नायूत रेंगाळत जातो. कुकडीच्या कालव्याने येणारे पाणी आणि बांधातून झिरपणारे पाणी, इतका हा फरक. डावी जवनिका उशिरा आणि वेडीवाकडी आवळते. पूर्ण हार्ट ब्लॉक असेल तर दिवसाचे लाखभर ठोके असेच पडतात. काही वर्षांत दहांतल्या एकदोघांचे पंपिंग घसरते, धाप लागते, पाय सुजतात. आणि हे विद्वान सांगतात, 'वय झाले.' इको न काढता वयावर खापर फोडणे सोपे असते!

२००२ च्या 'डेव्हिड' अभ्यासात, मशीनच्या ठोक्यांची गरज नसलेल्यांनाही उजव्या जवनिकेतून ते वारंवार दिले गेले. त्या गटात मृत्यू आणि हृदय थकून भरती होण्याचे प्रमाण वाढले. २०१३ च्या 'ब्लॉक एचएफ' अभ्यासात, पंपिंग आधीच उतरलेल्या ब्लॉकच्या रुग्णांना दोन्ही जवनिकांतून दिलेले ठोके अधिक मानवले. हेही चोचलेच का?

खर्चाचे म्हणाल, तर हिस बंडलच्या डाव्या फांदीजवळ बसवलेली एकच लीड जवनिकांसाठी पुरते. दोन्ही जवनिकांना ठोके देणाऱ्या तीन लीडच्या मशीनपेक्षा ते स्वस्त पडते.

'खेड्यात हे झेपणार नाही' हा सूर जुनाच आहे. सर्पदंशाचे उपचारही पुण्यालाच व्हावेत, असे एके काळी ठासून सांगितले जाई. आज नारायणगावात दंश झालेली माणसे बरी होऊन घरी जातात.

हिस बंडलवर कायमची लीड बसवल्याचे २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध केले ते डॉ. प्रमोद देशमुख आणि सहकाऱ्यांनी. डाव्या फांदीची वाट २०१७ मध्ये चीनमधून पुढे आली. ठोका अधूनमधून अडखळणाऱ्याला जुनी जागा चालेल. पण बहुतेक ठोके मशीननेच पडणार असतील, तिथे हिस बंडल किंवा डाव्या फांदीचा प्रयत्न आधी व्हावा, हा माझा आग्रह आहे.

मंचर, घोडेगाव, ओतूरच्या नातेवाइकांनो, पुण्याला जाऊन संमतीपत्रावर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा: किती ठोके मशीन देणार? लीड कुठे बसणार? आजचे पंपिंग किती? आणि नंतर दरवर्षी इको मागा.