उमेदवारांची चरित्रे आणि आमची रद्दी

जासईला आमच्या घरी माळ्यावर आजोबांची एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात वरच्या अंगाला सात-बाराचे उतारे आणि भूसंपादनाच्या नोटिसा, आणि त्यांच्याखाली निवडणुकीची पत्रके, जाहीरनामे व उमेदवारांच्या परिचय-पुस्तिका. आजोबा गेले त्या वर्षी दिवाळीच्या आधी साफसफाई निघाली. उतारे आणि नोटिसा वडिलांनी कपाटात ठेवल्या. उरलेले कागद मी स्वतः रद्दीवाल्याच्या काट्यावर घातले. नऊ किलो भरले. त्या पैशांचे काय केले ते आठवतही नाही. पुढच्याच वर्षी मी बी. ए. ला इतिहास घेतला! तेव्हा या लेखात रद्दीबद्दल जे काही कठोर लिहिले आहे, ते प्रथम मला लागू आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की निवडणुकीपुरती छापली जाणारी ही चरित्रे आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने जमवावीत. निवडून आलेल्यांची जमवावीत, पडलेल्यांचीही जमवावीत, आणि पक्ष पाहू नये.

हे वाचून प्राध्यापक मंडळी हसतील, आणि त्यांचे हसणे अगदीच अनाठायी नाही. चरित्र म्हणून या पुस्तिकांची किंमत शून्य. त्यातला प्रत्येक उमेदवार झुंजार, प्रत्येकाचे बालपण खडतर आणि प्रत्येकाचा जनसंपर्क दांडगा. दोष नावालाही सापडत नाही. पण ज्या अमेरिकेत असल्या चरित्रांचा धंदाच झाला, तिथे काय घडले ते पाहण्यासारखे आहे. नॅथॅनियल हॉथॉर्न या थोर कादंबरीकाराने १८५२ साली आपला कॉलेजमधला मित्र फ्रँकलिन पिअर्स याचे चरित्र खास अध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी लिहिले. पिअर्स निवडून आला, आणि १८५३ मध्ये हॉथॉर्नला लिव्हरपूलच्या वकिलातीची नेमणूक मिळाली. १८६० मध्ये तेवीस वर्षांच्या विल्यम डीन हॉवेल्सने लिंकनचे चरित्र लिहिले. तेही लिंकनला न भेटता. माहिती गोळा करायला कायद्याचा एक विद्यार्थी गेला होता. पुढे हॉवेल्सची नेमणूक व्हेनिसला झाली! आज संग्राहक या पुस्तकांच्या मागे असतात. सर्वांत मोलाची प्रत मात्र कोणती? एका मित्राच्या प्रतीत लिंकनने स्वतः पेन्सिलीने चुका दुरुस्त केल्या, ती. खुशामतीच्या पुस्तकाच्या समासात खरा माणूस सापडला तो असा.

आपल्याकडे राष्ट्रपती लोक निवडत नाहीत. खासदार आणि आमदार निवडतात. त्यामुळे राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराचे चरित्र घरोघर वाटण्याचे कारणच पडत नाही. एरवी आपल्या जिल्ह्याला तेही भाग्य लाभले असते. रायगडाच्या पायथ्याजवळच्या नाते गावी १८९६ मध्ये जन्मलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५२ मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर गेले, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले आणि १९६९ मध्ये ते राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले. व्ही. व्ही. गिरी आणि संजीव रेड्डी यांच्या मागे ते तिसरे आले. त्याच निवडणुकीत रेड्डींची बदनामी करणारे एक निनावी पत्रक खासदारांत फिरले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि राष्ट्रपती असताना गिरींना साक्षीदार म्हणून न्यायालयात यावे लागले. याचिका १९७० मध्ये फेटाळली गेली हे खरे; पण एक क्षुद्र कागद कुठवर जाऊ शकतो ते दिसले.

आता घराकडे वळतो. कै. दि. बा. पाटील जासईचे. जन्म १९२६ चा. पाच वेळा आमदार, दोन वेळा खासदार. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी आमच्या भागात जे आंदोलन झाले, त्यात १६ आणि १७ तारखेच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या निवडणुकीत दि. बा. कुलाब्यातून लोकसभेवर गेले. त्या दोन घटनांच्या मधल्या महिन्यांत उमेदवार म्हणून त्यांच्याविषयी काय छापले गेले? त्यांच्या विरोधकांनी स्वतःविषयी काय छापले? गोळीबाराचा उल्लेख कोणी केला, कोणी टाळला? मी गावात आणि शेजारच्या गावांत बरेच माळे धुंडाळले. त्या निवडणुकीचा एकही कागद मला मिळाला नाही. आजोबांच्या पेटीत तो असावा, असे मला राहून राहून वाटते.

मिळाल्या त्या तेवीस पुस्तिका आणि पत्रके. बहुतेक ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेची. ती ओळीने मांडून वाचली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. जवळजवळ प्रत्येकाचे पहिले वाक्य एकच: “एका सामान्य शेतकरी कुटुंबात जन्म.” जुन्या पत्रकांत त्याच्याखाली व्यवसाय शेती असतो, कुठे मिठागर. मग व्यवसायाच्या जागी नोकरी येते, नंतर कंत्राटदार, नंतर वाहतूक व्यवसाय. नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांची जमीन गेली, १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले, भाताच्या खाचरांवर कंटेनरची गोदामे उभी राहिली. पण पहिले वाक्य जागचे हलले नाही. ज्याच्या घरात दोन पिढ्या कोणी नांगर धरला नाही, तोही शेतकरी कुटुंबातच जन्मतो. याला मी खोटेपणा म्हणत नाही. मत मागताना आम्हांला काय ऐकायला आवडते, आणि काय गेल्याचे आम्ही अजून मान्य केलेले नाही, ते त्या वाक्यात आहे. सरकारी दप्तरात हे कुठे मिळेल?

एक प्राध्यापक मला म्हणाले, “अरे, २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून उमेदवाराचे शपथपत्र असते. मालमत्ता, शिक्षण, खटले, सगळे त्यात येते. मग हे कागद कशाला?” सरांचे म्हणणे बरोबर आहे. पण शपथपत्रात माणूस कायद्याच्या धाकाने बोलतो आणि पत्रकात मताच्या आशेने. दोन्ही शेजारी ठेवली तरच गंमत कळते. दुसरा आक्षेप असा, की यामुळे महाविद्यालयात राजकारण शिरेल. एकाच पक्षाचे कागद ठेवले तर शिरेल. म्हणून तर मी सर्वांचे म्हणतो. आणि पडलेल्यांचे आवर्जून. निवडून आलेल्याचा गौरवग्रंथ निघतो, पडलेल्याचे ते चार पानांचे पत्रकच काय ते शिल्लक राहते.

जमवणाऱ्याला काही खुणा ठाऊक असाव्यात. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-अ कलमामुळे निवडणूक-पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे-पत्ते छापावे लागतात; तेव्हा शेवटच्या पानाची तळची बारीक ओळ आधी वाचावी. छापखाना पनवेलचा की मुंबईचा, यावरूनही उमेदवाराची ऐपत कळते. पत्त्यात “जि. कुलाबा” असेल तर कागद बहुधा १९८१ पूर्वीचा, कारण त्या वर्षी जिल्ह्याचे नाव रायगड झाले. लोकसभा मतदारसंघ मात्र पुढेही कुलाबाच राहिला; २००९ च्या निवडणुकीपासून तो रायगड झाला. नुसता “कुलाबा” शब्द पाहून मी दोनदा फसलो आहे.

माझ्या तेविसांतले एक पत्रक ग्रामपंचायतीला उभे राहून पडलेल्या एका गृहस्थांचे आहे. त्यांची आता टपरी आहे. त्यांच्याकडे स्वतःची प्रत उरली नव्हती, म्हणून मी झेरॉक्स काढून नेली. त्यांनी गल्ल्यावरच ती उलटसुलट पाहिली, माझ्या खिशातले पेन घेतले, “शिक्षण : बी. ए.” यातले बी. ए. खोडले आणि वर लिहिले, “एफ. वाय. पर्यंत.” मग म्हणाले, “आता बरोबर झाला. हा तूच ठेव, मला दुसरा आण.”

दुसरी प्रत मी त्यांना दिली. खोडलेली झेरॉक्स आणि बाकीचे कागद घेऊन मी ग्रंथपालांकडे गेलो आहे. नियतकालिकांच्या कपाटातला खालचा कप्पा तूर्त देतो, असे ते म्हणाले आहेत. आपापल्या घरच्या माळ्यावर जे असेल ते दिवाळीच्या साफसफाईआधी आणून द्यावे. कागद चिकटपट्टीने जोडू नये. तो कोणाच्या घरी मिळाला ते मागे पेन्सिलीने लिहावे.