पुठ्ठ्याची तलवार आणि आज्याचा दाखला



आधी एक हकिकत सांगतो, मग भांडतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवतो. मागं आमचं एक प्रशिक्षण झालं. विषय : राज्याचा इतिहास कृतीतून कसा शिकवावा. नाव झकास दिलेलं, 'टाकाऊतून टिकाऊ'. दोन दिवस आम्ही चाळीस मास्तर-मास्तरणी कात्री, खळ आणि पुठ्ठे घेऊन बसलो. शेवटी टेबलावर काय उभं राहिलं? मातीचा किल्ला. पुठ्ठ्याच्या तलवारी. चांदीच्या कागदाच्या ढाली. काळ्या लोकरीच्या मिशा.

मी पिशवीतनं एक कागद काढला आणि किल्ल्याशेजारी ठेवला. आज्याच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा. साहेबांनी तो दोन बोटांत उचलला.

"हे काय, गुरुजी?"

"साहित्य, साहेब."

"अहो, हे तुमचं वैयक्तिक झालं. हे शैक्षणिक साहित्य नाही. आणि वर्गात जात कशाला आणता?"

चाळीस माणसं गप्प. त्यात आपली सहा होती, तीही गप्प. मीसुद्धा कागदाची घडी घातली आणि मुकाट पिशवीत ठेवली. ती घडी मला अजून टोचते. म्हणून हे लिहितोय.

म्हणजे बघा, पुठ्ठ्याची तलवार ही वैयक्तिक नाही. ती राज्याची. आज्याचा दाखला मात्र माझा एकट्याचा. हे कुणी ठरवलं?

शिवरायांशी आमचं भांडण नाही. १८६९ साली त्यांच्यावर पोवाडा लिहिला तो जोतीराव फुल्यांनी, आणि तिथून तो राजा आमचाही आहे. भांडण पुठ्ठ्याशी आहे. पोरं दिवाळीत किल्ला करतात, वर सिंहासन मांडतात, खाली मावळे लावतात. पण त्या किल्ल्याचे चिरे कुणी घडवले, डोक्यावरनं कुणी वाहिले, आणि घेऱ्यात राहून महार, मांग, रामोशी, बेरड रात्रभर राखण कुणासाठी करत होते, हे विचारायला कुठल्याच मातीच्या किल्ल्यात जागा ठेवलेली नाही. हाताला काम दिलं आणि डोक्याला सुट्टी दिली. याला कृतियुक्त शिक्षण म्हणायचं?

आता त्या दाखल्याकडे या. तुमच्या-माझ्या प्रत्येक घरात एक पिशवी असते. प्लास्टिकची, खिळ्याला टांगलेली, नाहीतर पेटीच्या तळाला. तिच्यात आज्याचा शाळेचा उतारा, बापाचा दाखला, सातबारा, एखादं जुनं खरेदीखत. कारण काय? तर जातीच्या दाखल्याला आणि मग पडताळणीला सरकार आम्हाला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतं. भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ ची तारीख लावलेली. ज्यांना गावच नव्हतं, त्यांनी गावचा कागद आणायचा! आमची पोरं तालुक्याला खेटे घालतात, मोडी वाचणारा म्हातारा शोधतात, पडक्या शाळेच्या कपाटातली वाळवी झटकतात. राज्यात इतका इतिहास दुसरं कोण धुंडाळतं, सांगा बरं?

सरकारची एक खिडकी म्हणते, इतिहास आण, नाहीतर तुझी जात खोटी. आणि सरकारचीच शाळा म्हणते, तो इतिहास बाहेर ठेव, इथं जात आणू नको. एका राज्याची ही दोन तोंडं. आपण दोन्हीपुढं हात जोडून उभे.

माझ्या आज्याच्या उताऱ्यात काय आहे ते सांगतो. नाव आहे. जात आहे, महार. दाखल झाल्याची तारीख आहे, १९३८ ची. आणि शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण : सतत गैरहजर. बास. दोन शब्द. कुठलाही मास्तर वाचील आणि म्हणेल, या लोकांना शिकायचंच नव्हतं.

आजीला विचारलं. ती म्हणाली, "गैरहजर म्हंजे? बापासंगं सरकारी टपाल घिऊन तालुक्याला चालत जायचा. वतनाचं काम व्हतं ते. न्हाई म्हनायची सोय व्हती का?"

झाला इतिहासाचा तास! एका कागदावर चार प्रश्न लावा. हे कुणी लिहिलं? कशासाठी लिहिलं? काय लिहिलं नाही? आणि जे लिहिलं नाही ते कुणाला विचारायचं? चौथीच्या पोराला हे चार प्रश्न कळतात. मी विचारून पाहिलेत. पुठ्ठ्याच्या तलवारीला यातला एकतरी प्रश्न विचारता येतो का, बघा.

नुसता ओरडा करून मी थांबणार नाही. पाठ्यपुस्तकाला शिव्या देण्यात आपली एक पिढी गेली. पुस्तक बदलेल तेव्हा बदलेल. तोवर पत्र्याची एक पेटी घ्या. तिच्यात काय काय ठेवायचं ते सांगतो.

एक, सुतळी. दर वर्षाला एक वीत धरायची. पहिली गाठ १९२३ ची. सीताराम केशव बोल्यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात पास झाला : सार्वजनिक पैशातनं बांधलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले. दुसरी गाठ १९२४ ची, महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर! तिसरी गाठ २० मार्च १९२७. बाबासाहेब हजारो माणसं घेऊन चवदार तळ्यावर गेले, ओंजळीनं पाणी प्याले आणि त्यानंतर आपल्या माणसांची डोकी फुटली. चौथी गाठ त्याच वर्षाच्या डिसेंबरची. कोर्टाचा मनाईहुकूम आला, आणि २५ तारखेला मनुस्मृती जळाली. पाचवी गाठ १९३७, हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं. आता पोरांना म्हणावं, सुतळी दोघांनी दोन टोकांना धरा. चौदा विती. ठराव पास होण्यापासून कोर्टानं पाण्यावरचा हक्क मान्य करण्यापर्यंत एवढं अंतर आहे. हे अंतर एकदा हातानं मोजलेलं पोर ते विसरत नाही.

दुसरी सुतळी वतनाची. १९२८ साली बाबासाहेबांनी कौन्सिलात वतनाचं बिल आणलं. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा आला १९५८ ला. तीस विती! सुतळी वर्गाच्या दाराबाहेर जाते. जाऊ द्या. आणि शेजारी सांगा की कोल्हापुरात शाहू महाराजांनी महार वतन १९१८ लाच मोडलं होतं. मग पोरंच विचारतील, एका राजाला जे जमलं त्याला बाकीच्यांनी चाळीस वर्षं का लावली? उत्तर देऊ नका. प्रश्न फळ्यावर तसाच राहू द्या.

तीन, मुक्ताबाईचा निबंध. १८५५ साली ज्ञानोदयात छापलेला. मांगाची पोर, फुल्यांच्या शाळेत शिकलेली, वय चौदाच्या आसपास. तो वर्गातल्या मुलीनं मोठ्यानं वाचावा आणि मग सगळ्यांनी तिला उत्तर लिहावं, आज आमच्या गावात काय आहे ते. महाराष्ट्राच्या इतिहासात शाळकरी पोरीनं लिहिलेला असा कागद आहे, आणि आपण पोरांकडनं मिशा चिकटवून घेतोय!

चार, पावलांचा नकाशा. पोरांनी शाळेपासून, जुन्या विहिरीपासून, देवळापासून, स्मशानापासून प्रत्येक वस्तीपर्यंत चालायचं. पावलं मोजायची, वहीत लिहायची. २०२० च्या डिसेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. चांगलं झालं. पाटी बदलावी. पण पावलं मोजून पाहा, वस्ती जागची हलली का? स्मशान दोन का आहेत? पोरानं हे चालून शोधलं की त्याला व्याख्यान लागत नाही.

पाच, म्हातारीची ओवी. जात्यावरची, भीमाची. मोबाईल प्रत्येकाकडं आहे, आवाज धरून ठेवा. ती म्हातारी गेली की तो ग्रंथ गेला.

आणि सहावा, आज्याचा दाखला.

एक गोष्ट मात्र करू नका. वर्गात अस्पृश्यतेचं नाटक बसवू नका. काही उत्साही मास्तर बसवतात. एक पोर पाणी वाढणार, एक पोर लांब उभं राहणार. लांब कोण उभं राहतं? वर्गाला न सांगता कळतं. बाबासाहेब साताऱ्यात शिकताना बसायला घरनं गोणपाट न्यायचे, आणि शिपाई नसला तर त्यांना पाणी मिळायचं नाही. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. ते वाचा. गोणपाटाचा तुकडा पेटीत ठेवा, हातात घेऊ द्या, खरबरीत लागू द्या. पण आपल्या लेकराला पुन्हा त्यावर बसवू नका. एका तासाच्या शिक्षणासाठी त्याची पाठ मोडायची नाही.

आता आपल्यातल्यांशी बोलतो. राग मानू नका, मानला तरी चालेल. १४ एप्रिलला आपण कर्णे लावतो, मांडव घालतो, वर्गणी लाखावर जाते. त्यातनं पोराच्या हातात काय पडतं? एक झेंडी, एक लाडू. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावून आपण मोकळे. फोटोला हार घालता येतो, प्रश्न विचारता येत नाही. ज्या माणसानं उभं आयुष्य कागद वाचण्यात घालवलं, त्याच्या पोरांना आपण कागद वाचायला शिकवत नाही. मग साहेबांना नावं ठेवायचा आपल्याला काय हक्क?

म्हणतील, तुम्ही जात वर्गात आणता. त्यांना सांगा, जात आम्ही आणलेली नाही. ती हजेरीपटाबरोबर आली, शाळेच्या जनरल रजिस्टरात पहिल्या दिवशी बसली. आम्ही फक्त तो रकाना मोठ्यानं वाचतोय.

येत्या २० मार्चला तुमच्या गावातल्या शाळेत पेटी घेऊन जा. हेडमास्तरनं दार लावलं तर रविवारी विहारात उघडा. सगळ्या वस्त्यांतली पोरं बोलवा, फक्त आपली नको. पाटलाच्या नातवालाही सुतळी धरू द्या. एक टोक त्याच्या हातात असलं पाहिजे, त्याशिवाय अंतर मोजता येत नाही.

मी तो दाखला पुन्हा काढलाय. या वेळी घडी घातलेली नाही. माझ्या चौथीच्या वर्गात, फळ्याच्या डाव्या बाजूला चिकटवलाय. शेवटच्या रकान्यात 'सतत गैरहजर' आहे. खाली माझ्या पोरांनी खडूनं लिहिलंय : आज हजर.

जय भीम.