दापोलीचे अर्जदार आणि आमची मुले

शाळेत सामाजिक न्यायाचा विषय निघाला की आमच्या गुहागर तालुक्यातील सुशिक्षित पालक मोठ्या सात्त्विक मुद्रेने एक आक्षेप घेतात. लहान मुलांना जातपात ठाऊकच नसते, ती एका बाकावर बसतात आणि एका पंक्तीला खिचडी खातात; मग वंचितांवरील अन्यायाचे धडे देऊन त्यांच्या निष्पाप मनांत विष का कालवावे, असे त्यांचे म्हणणे असते.

आक्षेपाचा हेतू शुद्ध आहे. त्याचे गृहीतक मात्र टिकणारे नाही. ज्या मुलुखात भंडारवाडा, कुणबीवाडी, खारवीवाडी, बौद्धवाडी आणि मोहल्ला अशी गावाची रचनाच जातिधर्माच्या हद्दींनी आखलेली आहे, तेथे मूल मुळाक्षरे गिरवण्यापूर्वीच पत्ता शिकते, आणि पत्त्याबरोबर कोणाच्या घरी पाणी प्यावे व कोणाच्या घरी पिऊ नये हेही शिकते. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय सरकारने 2020 साली घेतला खरा. पण मुलांच्या मनातील नकाशा एका हुकमाने बदलत नाही. शाळा मौन पाळते म्हणून धडा चुकत नाही. तो घर आणि पाणवठा शिकवतात, एवढेच.

दुसरा आक्षेप अधिक धूर्त आहे. हे सारे इतिहासजमा झाले, कायद्याने भेद मिटविला, आता जुन्या जखमा कशाला उकराव्यात? याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळची खाडी ओलांडली की आपण दापोली तालुक्यात असतो. केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व प्रजेला भेदाविना खुल्या आहेत, असे मुंबई सरकारने 1858 साली जाहीर केले होते. नगरपालिका व स्थानिक निधी यांच्या खर्चाने चालणाऱ्या शाळांनाही तेच तत्त्व लागू करावे, अशी शिफारस 1882 सालच्या हंटर आयोगाने केली. असे असूनही 1892 साली दापोलीच्या नगरपालिका शाळेत आपल्या मुलांना प्रवेश मिळावा म्हणून तेथील महार व चांभार समाजाच्या लोकांना, ज्यांत लष्करातून निवृत्त झालेले पेन्शनर होते, अर्जविनंत्या कराव्या लागल्या. आणि पुढे मुलांना जागा मिळाली ती वर्गात नव्हे, पडवीत. कायदा होता आणि पडवीही होती. जो कायद्याच्या अस्तित्वावरून अन्यायाचा अभाव सिद्ध करू पाहतो, त्याला खाडीपलीकडच्या त्या शाळेने आधीच निरुत्तर केले आहे.

आक्षेपकांची एक भीती मात्र मला मान्य आहे, आणि ती त्यांनी याहून मोठ्या आवाजात बोलून दाखवावयास हवी होती. शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना भर वर्गात "मागासवर्गीय मुलांनी उभे राहा" असे फर्मावणारा शिक्षक अन्याय दूर करीत नाही, तो त्याची हजेरी घेतो. न्यायाचा पाठही याच थाटाने दिला गेला, म्हणजे एका मुलाकडे बोट दाखवून बाकीच्यांच्या डोळ्यांत पाणी आणण्याचा उद्योग झाला, तर तो न दिलेला बरा. परंतु यातून सिद्ध होते ते इतकेच, की आमची शिकवण्याची रीत दयेची आहे. भूतदया हा थोर गुण खरा. पण दयेच्या पाठात एक मूल दाता होते आणि दुसरे याचक, व ही विभागणी पुन्हा वाड्यांच्याच हद्दीवरून होते.

दापोलीचे अर्जदार याचक नव्हते. पलटणीत चाकरी केलेली, लिहिता-वाचता येणारी, गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त सैनिकाने अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचललेली ती पिढी होती. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळेत जागा मागणे हा हक्क आहे, उपकार नव्हे, हे आमच्या मुलांना सांगावयाचे असेल तर त्या अर्जदारांहून चांगले गुरू या जिल्ह्यात मिळणार नाहीत. शाहू महाराजांनी 1919 साली कोल्हापूर संस्थानातील अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम काढला, त्यामागे हाच विचार होता: वेगळी सोय म्हणजे समान हक्क नव्हे.

आणि हा विचार जुना झाला म्हणावे, तर 2024 सालच्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असलेल्या खाजगी शाळांना दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांसाठी पंचवीस टक्के जागा राखण्याच्या बंधनातून मोकळे केले. तो बदल त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरविला. "तुमची सोय शेजारी आहे, आत कशाला येता?" हे पडवीचेच तर्कशास्त्र होते, फक्त मोजमाप किलोमीटरचे झाले.

तेव्हा सातवीच्या वर्गात अर्जलेखन शिकविताना, सहलीला सुट्टी मागणारा तोच तो अर्ज बाजूला ठेवून, गुरुजींनी मुलांना 1892 सालच्या एखाद्या पेन्शनरच्या वतीने दापोली नगरपालिकेस अर्ज लिहावयास सांगावे. नंतर त्याच मुलांनी नगरपालिकेच्या वतीने नकाराचे उत्तर लिहावे, आणि त्यात कारणे नमूद करावीत. पहिला कागद एका तासिकेत पुरा होईल. दुसऱ्यावर वर्गात तकरार माजेल, कोणी घरी विचारून येतो म्हणेल, आणि जे पालक विषाची भाषा करतात त्यांच्यापुढे ती वही त्याच संध्याकाळी उघडली जाईल.