फॉरमॅट मारण्याआधी

"फॉरमॅट मारावं लागेल."

आपल्याकडे कॉम्प्युटरच्या तमाम दुखण्यांवर हा एकच काढा दिला जातो. व्हायरस आला, फॉरमॅट. आवाज येत नाही, फॉरमॅट. मशीन स्लो झालं, फॉरमॅट. विंडोज एक्सपीच्या काळात ते खपूनही जायचं, कारण मशीनवर असायचं काय? दोन गेम, चार गाणी. पण टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरवर हाच प्रयोग करणारे दिसले की माझं डोकं फिरतं. आजचं पोस्ट त्यावरच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एखादा जुना पीसी किंवा रास्पबेरी पाय घ्यायचा, त्यावर कोडी नावाचं मीडिया सेंटर टाकायचं आणि हार्ड डिस्कवरचे सिनेमे, फोटो, गाणी सोफ्यावर बसून रिमोटने बघायची. फुकट आहे आणि सोर्स कोड सगळ्यांना खुला आहे. मुळात ते एक्सबॉक्स या गेमच्या डब्यासाठी लिहिलेलं होतं, म्हणून नाव एक्सबीएमसी. २०१४ मध्ये ते बदलून कोडी केलं. मराठीत कोडंचं अनेकवचन कोडी होतं हे त्या लोकांना कोणी सांगितलं नसावं, पण नाव बरोबर बसलंय :)

तर आमच्या जरीपटक्यात हे डबे बऱ्यापैकी आहेत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांनी वसवलेला हा भाग, आणि घरोघरी लग्नाच्या व्हीसीडी पडलेल्या. व्हीसीडीचं चित्र म्हणजे ३५२ बाय २८८, आजच्या टीव्हीवर अगदी धुरकट. पण त्यात आजोबा नाचताना असतात. त्या चकत्या आता एकेक करून वाचायच्या बंद होतायत, म्हणून लोक त्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतात. अनेक घरांत ही एकच प्रत उरलेली असते.

शेजारच्या अंकलकडे मे महिन्यात नेमकं हेच अडलं. रास्पबेरी पाय ४, त्यावर लिब्रईलेक, बाजूला यूएसबीची हार्ड डिस्क. पडद्यावर सगळी नावं दिसतात, पण २००४ सालचं मुलीचं लग्न लावलं की कोडी विचारतं, ही फाइल सापडत नाही, यादीतून काढून टाकू का? रिपेअरवाल्याने बघून सांगितलं, कार्ड आणि डिस्क दोन्ही फॉरमॅट. अंकल माझ्याकडे आले ते हा निरोप घेऊनच. "बेटा, वो बोलता है सब साफ करना पड़ेगा. शादी भी जाएगी क्या?"

आता इथे जरा थांबून विचार करायला हवा. नावं दिसतात, कारण यादी कार्डावरच्या डेटाबेसमध्ये असते. फाइल सापडत नाही, कारण ती डिस्कवर असते. म्हणजे संशय डिस्कवर किंवा तिच्यापर्यंत जाणाऱ्या वायरवर. कोडीचा यात काही दोष नाही. काढून टाकू का या प्रश्नाला "नाही" म्हणायचं. "हो" म्हटलं तर फाइल उडत नाही, पण यादीतली नोंद जाते, आणि काय बघितलं, कुठपर्यंत बघितलं हे सगळं त्यासोबत.

मग लॉग वाचायचा. लिब्रईलेक नेटवर्कवर लॉगफाइल्स नावाचं एक फोल्डर दाखवतं, लॅपटॉपवरून ते उघडलं की सगळे लॉग एका झिपमध्ये बांधून मिळतात. त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं, 'अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड', आणि काही ओळींनी खाली 'यूएसबी डिसकनेक्ट'. पायचा मूळ अडॅप्टर कधीतरी जळाला होता आणि घरातल्या कोणीतरी मोबाईलचा चार्जर लावून दिला होता. पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपियरचा अडॅप्टर लागतो. बारीक केबलमधून जाताना व्होल्टेज आणखी पडतं. साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते. अंकलच्या घरी ती कित्येक दिवस चमकत होती, आणि सगळ्यांना वाटायचं की नवीन काहीतरी डिझाइन आहे!

योग्य अडॅप्टर आणि डिस्कसाठी स्वतःची वीज असलेला यूएसबी हब. काम झालं. एक बाइटही पुसावा लागला नाही.

आपल्याकडे आणखी एक गुन्हेगार म्हणजे ऊन. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. त्या दिवसांत टीव्हीखालच्या बंद कपाटात, गरम सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर पाय ठेवायचा आणि मग सिनेमा अडखळतो म्हणून सॉफ्टवेअरला शिव्या द्यायच्या, हे काही बरोबर नाही. ८० अंशांच्या पुढे प्रोसेसर आपणहून हळू चालायला लागतो. कोडीच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये तापमान दिसतं, ते आधी बघा. कपाटाचं दार उघडं ठेवणं हा खरोखरचा दुरुस्तीचा उपाय आहे, हसू नका. कूलरच्या समोर मात्र ठेवू नका. धूळ आणि ओल दोन्ही आत जातात.

बाकी छोट्या गोष्टी. लग्नाचा व्हिडिओ झटके देत चालतो? आपल्याकडच्या व्हीसीडी सेकंदाला २५ चित्रांच्या, टीव्ही ६० हर्ट्झवर. सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट व्हिडिओप्रमाणे बदलू द्या, ५० वर गेलं की झटके थांबतात. नावांच्या जागी चौकोन दिसतात? स्किनच्या सेटिंगमध्ये फॉन्ट बदलून 'एरियल बेस्ड' करा. चित्र आहे पण आवाज गायब? पासथ्रू बंद करून बघा.

"मग तयार स्टिक का नाही घेत?" असं मला ऑफिसात नेहमी विचारतात. घ्या की. नवीन सिनेमे बघायचे असतील तर तेच सोपं आहे, मीही बघतो. पण ती बिघडली की 'काहीतरी चुकलं, नंतर प्रयत्न करा' एवढंच सांगते. काय चुकलं ते तुम्हाला कळावं अशी तिची इच्छाच नसते. ओपन सोर्सचं मला आवडतं ते फुकट आहे म्हणून नाही (अडॅप्टर, हब, डिस्क धरून स्टिकपेक्षा महागच पडतं). काय बिनसलं ते मशीन लिहून ठेवतं, आणि ते वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. एवढं असूनही आपण ते न वाचता फॉरमॅट मारणार असू तर मग स्टिकच बरी.

काही वेळा फॉरमॅट लागतोच, नाही असं नाही. कार्डच खराब झालं असेल तर नवीन कार्डावर सगळं पहिल्यापासून. तेव्हा फक्त कार्ड. डिस्कला हात लावायचं काही कारण नाही, आणि कोणी लावायला निघालं तर आधी ती उपटून कपाटात ठेवा, मग बोला.

अंकलच्या डिस्कची दुसरी प्रत आम्ही त्याच रविवारी केली. लायब्ररीही सेटिंगमधून एक्स्पोर्ट करून ठेवलीय, म्हणजे कार्ड गेलं तरी नावं आणि चित्रं परत येतील. दुसरी डिस्क आता त्यांच्या मुलीकडे आहे, पुण्याला.