विंचू आपला, औजार परक्याचे

सिन्नरच्या कोरडवाहू शिवारात दगड उचलण्यापूर्वी विंचवाची आठवण ठेवावी, हे तेथील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. मात्र महाराष्ट्रात आढळणाऱ्या लाल विंचवाने जगातील प्रयोगशाळांना केवढे साधन दिले आहे, याची वार्ता आपल्या महाविद्यालयांपर्यंत फारशी पोचलेली नाही. १९९० मध्ये अमेरिकी संशोधकांनी या विंचवाच्या विषातून ३७ अमिनो आम्लांचे ‘आयबेरिओटॉक्सिन’ वेगळे केल्याचे प्रसिद्ध झाले. पेशीच्या आवरणातून पोटॅशियमला वाट देणाऱ्या प्रथिनांना पोटॅशियम वाहिन्या म्हणतात. त्यांपैकी एका विशिष्ट वाहिनीचे तोंड हे द्रव्य बूच बसवावे तसे बंद करते. हृदयाची लय, स्नायूंचे आकुंचन आणि मज्जातंतूंचे संदेश अशा वाहिन्यांवर अवलंबून असल्यामुळे या शोधाचे मोल सहज ध्यानात यावे.

परंतु वाहिनी बंद करता येणे वेगळे आणि ती शरीरात नेमकी कोठे आहे हे दिसणे वेगळे. त्यासाठी प्रतिपिंडांचा आधार घेतात. परक्या पदार्थाला ओळखून त्याला चिकटणारी ही प्रथिने आपल्याला अपरिचित नाहीत. घोड्याच्या रक्तातून तयार होणारी सर्पदंशावरील लस म्हणजे प्रतिपिंडेच होत. १९४१ च्या सुमारास हार्वर्डमध्ये अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला चकाकणारे रंगद्रव्य जोडले. तेव्हापासून प्रतिपिंड जेथे चिकटेल ती जागा सूक्ष्मदर्शकाखाली उजळून दिसू लागली.

खरी मेख येथेच आहे. पोटॅशियम वाहिन्यांचे कुटुंब मोठे आणि भावंडे एकमेकांसारखी. प्रतिपिंड चुकून भलत्याच प्रथिनाला चिकटले, तरी प्रकाश तेवढाच सुंदर दिसतो! त्यावर उपाय एकच: ज्या उंदरात त्या वाहिनीचे जनुकच काढून टाकले आहे, त्याच्या ऊतीवर तेच प्रतिपिंड तपासावे. तेथेही प्रकाश दिसला, तर पुरावा खोटा. २०१५ मध्ये ब्रॅडबरी व प्ल्युकथुन यांनी शंभरावर सहकाऱ्यांच्या पाठिंब्याने ‘नेचर’मधून अविश्वसनीय प्रतिपिंडांपायी होणाऱ्या पैशाच्या व श्रमाच्या नासाडीकडे लक्ष वेधले आणि रचना निश्चित ठाऊक असलेलीच प्रतिपिंडे वापरावीत, अशी मागणी केली.

आपल्याकडे ही अडचण दुहेरी होते. अशी बहुतेक प्रतिपिंडे परदेशांतून, थंडाव्यात जपून आणावी लागतात. इवल्याशा कुपीवर अनुदानाचा मोठा वाटा खर्ची पडला, की पडताळणीच्या प्रयोगाला कात्री लागते. काटकसर म्हणून वाचवलेली ही रक्कम पुढे चुकीच्या निष्कर्षाच्या रूपाने कित्येक पटींनी भरावी लागते. तेव्हा केवळ स्वदेशीचा घोष करून भागणार नाही. परकी कुपी असो वा आपली, तिची परीक्षा अनिवार्य हवी. पुण्याची राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था देशभरातील संशोधकांना पेशी पुरवते. त्याच धर्तीवर पडताळलेल्या प्रतिपिंडांचे आणि ती वाहिनी नसलेल्या पेशींचे सामायिक भांडार का उभारू नये? संशोधनाला अनुदान देतानाच पडताळणीचा खर्च वेगळा मंजूर करण्यास कोणती अडचण आहे?

साधने तुटपुंजी म्हणून काटेकोरपणा अशक्य, असे म्हणणाऱ्यांनी महाडकडे पाहावे. तेथे डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी विंचूदंशाच्या ७० रुग्णांचे दोन गट करून केवळ प्राझोसिन आणि प्राझोसिनसह विंचूविरोधी लस यांची तुलना केली. लस मिळालेले रुग्ण लवकर सावरले, हा निष्कर्ष २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. लशीने गुण येतो असे नुसते म्हणून ते थांबले नाहीत. लस न दिलेला गट शेजारी ठेवून त्यांनी ते सिद्ध केले.

तालुक्याच्या गावातील विज्ञानाच्या शिक्षकाने विद्यार्थ्याला नेमके हेच शिकवायचे आहे. चमकणारे चित्र दाखवले गेले, की त्याने विचारावे: जेथे हे प्रथिन नाही, तेथे काय दिसले? हा प्रश्न विचारण्यास अनुदान लागत नाही. आणि तो विचारला जाणार नसेल, तर उद्या औजारही आपले झाले म्हणून विज्ञान आपले होणार नाही.