नऊ व्होल्टांतला ध्वनिवर्धक

इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्याला आवाज हवा असतो आणि त्याच्या घरच्यांना शांतता. जुन्या धर्तीचा व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक चांगला चढवल्याखेरीज आपला तो भरदार, किंचित फाटलेला स्वर देत नाही, आणि चढवला की भिंतीपलीकडचे घरही जागे होते. यवतमाळ शहरालगतच्या लोहाऱ्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न पैशाआधी शेजारधर्माचा ठरतो. ‘ॲम्प सिम्युलेटर पेडल’ हा त्यावरील तोडगा. तळहाताएवढ्या पेटीतून त्या मोठ्या यंत्राचा स्वर थेट ध्वनिमुद्रण यंत्रात जातो आणि तेथून हेडफोनमध्ये.

ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा सिद्ध केला. तशा पेट्या आज रियाजाच्या खोलीत सहज दिसतात. गिटारच्या बाबतीत एमआयटीत शिकलेले अभियंते व वादक टॉम शोल्झ यांनी १९८२ मध्ये ‘रॉकमन’ आणला, तर १९८९ मध्ये अँड्र्यू बार्टा यांचे ‘सॅन्सॲम्प’ आले. फ्रेंच भाषेत ‘सॅन्स’ म्हणजे ‘विना’.

मौज अशी की, या पेटीला नक्कल करायची असते ती जुन्या यंत्राच्या उणिवांची. व्हॉल्व्हवर भार वाढला की तो ध्वनिलहरींची टोके हळुवार दाबतो, आणि गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचे स्वर जवळजवळ गिळून टाकतो. हे गिळणे वगळले तर फाटलेला स्वर मधमाशीच्या गुणगुणण्यासारखा कर्कश लागतो. म्हणून पेडलमधील उच्च स्वर कापणारी चाळणी ही दुय्यम बाब नव्हे. नवशिके नेमके तिच्याकडेच दुर्लक्ष करतात.

घरी बांधताना व्हॉल्व्हच्या जागी बहुधा ‘जे-फेट’ जातीचे ट्रान्झिस्टर घेतात. एकाच क्रमांकाचे दोन नगही सारखे वागत नाहीत. त्यामुळे प्रत्येकाला लहानसा बदलता रोधक जोडून, मल्टीमीटर लावून, त्याच्या ‘ड्रेन’ टोकावरील दाब ९ व्होल्टांच्या निम्म्यावर, म्हणजे साडेचारच्या आसपास आणावा लागतो. प्रवेशाचा रोध सुमारे १० लाख ओहम ठेवावा. तो कमी पडला तर गिटारच्या स्वरातील धार आधीच बोथट होते.

आता हिशेब. रोधक आणि कपॅसिटर किरकोळ किमतीत मिळतात, हे खरे. परंतु सोल्डरिंग आयर्न, मल्टीमीटर, धातूची पेटी, जळालेले ट्रान्झिस्टर आणि भागांसाठी नागपूरची खेप, हे सारे खर्चाच्या बाजूला मांडले तर पहिले पेडल विकतच्यापेक्षा महाग पडण्याचा संभव अधिक. बचतीच्या आशेने कोणी या वाटेला जाऊ नये. जमेची बाजू वेगळी आहे: ज्याने प्रत्येक सांधा स्वतः जोडला, त्याला बिघाड झाल्यावर दुरुस्तीसाठी शहर गाठावे लागत नाही. पालकांनी खर्च मंजूर करायचा तो या कारणासाठी.

सुरक्षिततेचाही मुद्दा आहे. व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकात कित्येकशे व्होल्टांचा दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहतो. तेथे शिकाऊ हाताने शिरूच नये. ९ व्होल्टांच्या बॅटरीवर चुकले तर फार तर एखादा भाग जातो.

आधी जुळणी ब्रेडबोर्डवर करावी, स्वर मनासारखा लागला की मगच सोल्डर करावे. पेटी प्लॅस्टिकची घेऊ नये. धातूची घेऊन ती मंडलाच्या ऋण टोकाला जोडली, तरच घरातील विजेच्या तारांची घरघर हेडफोनपासून दूर राहते.